अक्काचं दुखणं सोंग नव्हतं

अक्का लिंगैक्य झाल्याचा निरोप घेऊन ताडकळसचा माणूस परभणीला आला आणि म्हणाला, "पुण्यवान बाई, सोमवारी गेल्या." दीड महिना झाला, ते वाक्य मला गिळता आलेलं नाही. एकतिसाव्या वर्षी अंगातलं रक्त सरून बाई मरते, त्यात पुण्य कसलं?

नीलाक्का माझी थोरली बहीण. दर महिन्याला पोट धरून वाकायची, ओठ फुटेपर्यंत चावायची. आम्हा लिंगायतांत पाळीचा विटाळ पाळत नाहीत, याचा मला अभिमान होता. पण सासरी त्याचा अर्थ एवढाच झाला, की शेजारणी तीन दिवस बाजूला बसून विसावायच्या आणि अक्का त्याच दिवसांत आडाचं पाणी ओढायची. रक्त इतकं जायचं, की लुगड्याच्या घड्या पुरायच्या नाहीत. चेहरा पिठासारखा, चार पायऱ्यांत धाप. लपून चुलीची माती खायची... सासू म्हणायची, "सोंग करायलीय. मूल न्हाई, काम न्हाई."

पंचमीला माहेरी आली तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, पोट तपासलं. म्हणाल्या, "पिशवीच्या आतलं अस्तर काही बायकांच्या पोटात बाहेरही वाढतं. हे तसंच दिसतंय. दुखणं खरं आहे. रक्ताबरोबर लोह जातं, म्हणून ही माती खाते."

अक्काला रडू फुटलं. "कुणीतरी खरं म्हणलं गं..."

लोहाच्या औषधाने महिन्याभरात ती न थांबता जिना चढली. मग सासरी गेली. औषधाने शौचाला काळी होते हे कळताच सासूने "आतडी जळायलीत" म्हणत बाटली उकिरड्यावर ओतली. दाजी समोर होते, बोलले नाहीत. आणि मी? मी शिकवते त्या निजाम सरकारच्या शाळेत, अक्काकडे जायला केलेली रजेची उर्दू दरखास्त दोनदा नामंजूर झाली, तिसऱ्यांदा मी अर्ज लिहिलाच नाही. पाच महिन्यांनी, तशाच दिवसांत, अक्का आडावर कोसळली.

निरोप मिळून मी ताडकळसला पोचले तेव्हा दाजींची धाकटी बहीण गौरा गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात कण्हत होती. सासू म्हणाली, "समद्याच बायकांचं दुखतं."

"अक्काचंबी दुखतच हुतं!" मी ओरडले. गौराला धरून मी दारात आणलं. "हिला दवाखान्यात न्यायलेय. कोण अडवतं बघते."

कुणी अडवलं नाही. दाजी उठले आणि मुकाट्याने गाडीला बैल जुंपू लागले. अक्कासाठी ती गाडी एकदाही जुंपली गेली नव्हती. परभणीच्या रेल्वेसाठी पूर्णा स्टेशन येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.