कुआंगांची दाद

१२ ऑक्टोबर १९८८. कोरडा वारा. दुपारी व्यापारी संघाच्या जुन्या नाट्यगृहात गेले. कुआंगांच्या नातीची पहिली मोठी भूमिका. दाद मिळाली.

एवढे लिहून शाओ पेइयुन बाई थांबल्या. दाद कशी मिळाली ते लिहायला हात धजेना.

त्यांचे शेजारी कुआंग म्हणजे थिएनचिन शहरातला संगीत नाटकांचा नावाजलेला कान. कित्येक वर्षे डाव्या खांबाजवळच्या त्याच बाकावर, डोळे मिटून. स्वर नेमका लागला की ते 'वाहवा!' म्हणून गरजत आणि मागोमाग सगळे नाट्यगृह. स्वर फसला तरी तेच गरजत, पण तसली दाद मिळालेला गवई पुढे महिनाभर तोंड लपवून फिरे. आमच्या गावात शिव्या अशाच देतात.

अलीकडे तो कान गेला होता. हे फक्त बाईंना ठाऊक, कारण कुआंगांची किटली शिट्टी मारमारून कोरडी पडे. परवा ते येऊन म्हणाले, "वहिनी, पोरीचा लांब स्वर टिकला की कोपराने ढोसा. पुढचं माझ्याकडे लागलं."

"आमच्या कॉन्व्हेंटात नाटक बघताना हलायचीसुद्धा बंदी होती, भाऊजी."

"हलू नका. नुसतं ढोसा."

रंगमंचावर नात मेइशिनने स्वर लावला. तो चढला, टिकला. बाई कोपर उचलणार, तोच चहावाल्याने मागून लांब तोटीच्या किटलीतून त्यांच्या कपात उकळते पाणी सोडले. नन्सनी लावलेले वळण. बाईंनी आधी मान वळवून त्याचे आभार मानले आणि मग कोपर मारले. तोवर पोरीचा आवाज चिरकला होता. कुआंग गरजले. मागोमाग सगळे नाट्यगृह, हसत हसत.

खेळ संपल्यावर म्हातारे रसिक कुआंगांचा हात धरून हलवू लागले. सख्ख्या नातीलाही सोडले नाही, कान असावा तर असा, म्हणाले. कुआंगांना शब्द कळले नाहीत, चेहरे कळले. ते तृप्त हसले.

दारात मेइशिन उभी होती. कानामागचा रंगही धुतला नव्हता.

"पहिल्याच दिवशी, आजोबा?"

"काय म्हणते पोर?" कुआंगांनी बाईंना विचारले. अजून हसतच होते.

बाईंनी खरे सांगितले, दोघांनाही, कॉन्व्हेंटात कधी चढवला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात. रसिकांनीही ऐकले. त्यांचे हात सुटले. मेइशिन सायकलवर बसून मैत्रिणीकडे निघून गेली.

बाईंनी पुन्हा दौतीत टाक बुडवला आणि लिहिले: रात्री दोघांची कणीक मळली. भाऊजी इथेच जेवले.