पारिजातक परत आला

लिनक्स मी तत्त्व म्हणून स्वीकारलं. वाचनालयात मुक्त सॉफ्टवेअरवर एक व्याख्यान ऐकलं आणि घरी येऊन संगणकावरच्या विंडोजला निरोप दिला. त्या क्षणी मी बरीच उदात्त दिसत असणार. आरशात पाहिल्याचं आठवतं.

मग ठाण्याच्या प्रकाशकांनी माझ्या पहिल्या कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. कविता होत्या एका जुन्या मराठी टंकन सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते फक्त विंडोजवर चालणारं. लिनक्सने फाइल उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांचा सडा पडला. काही समीक्षकांना यात फारसा फरक जाणवला नसता.

खरी अडचण आईची होती. संग्रहातली दीर्घ कविता वडिलांवर आहे. ते मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात, गंधकाच्या रसायनांत कामाला होते. कवितेत मी त्यांच्या शर्टाला पारिजातकाचा गंध दिला आहे. निवृत्त शिक्षिका असलेली आई पहिल्या आवृत्तीच्या वेळी गप्प राहिली, कारण वडिलांना ती ओळ आवडली होती. ते गेल्यावर मात्र तिने कोपरच्या तिच्या घरी मला समोर बसवलं.

"पारिजातक कुठला गं? कुजलेल्या कोबीचा वास यायचा त्यांच्या शर्टाला. हे बदल, नाहीतर नवं पुस्तक माझ्या हातात देऊ नकोस."

बहिणीच्या मुलीने माझ्या लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन बसवून दिलं: एका चौकटीत अख्खा दुसरा संगणक, त्यात जुनी विंडोज, त्यात माझं सॉफ्टवेअर आणि माझ्या कविता. जाताना तिने एक बटण दाखवलं.

"मावशी, काही बिघडलं तर हे दाब. आत सगळं आजच्यासारखं होईल."

'काही बिघडलं तर' हे शब्द माझ्या कानांनी गाळले. उरलं ते इतकं सुंदर होतं, की पुढचं ऐकायची गरज वाटली नाही.

आठवडाभर मी त्या चौकटीत बसून ती कविता दुरुस्त केली. कोबी हा शब्द माझ्या लेखणीला झेपेना. म्हणून 'गंधकाचा धूसर दर्प' असं काहीतरी घडवलं आणि स्वतःवरच प्रसन्न झाले. काम संपलं. पण आमच्या घरची रीत अशी, की स्वयंपाक झाला की ओटा पुसल्याशिवाय उठायचं नाही. चौकटीत अर्धवट खिडक्या, कसल्या कसल्या सूचना यांचं खरकटं साचलं होतं. मी ते बटण दाबलं. सगळं कसं लख्ख झालं.

दुसऱ्या दिवशी न वाचताच छापील प्रत काढली आणि पेढे आणि लॅपटॉप घेऊन कोपर गाठलं. आईने चष्मा लावला, कविता मोठ्याने वाचू लागली, आणि मध्येच थांबली.

"परत आला की तुझा पारिजातक."

मी भाचीला फोन लावला. बटण दाबल्याचं आणि ओट्याच्या रीतीचं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आतली कविताही त्या दिवशीसारखी झाली. तू ओटा नाही पुसलास. ओट्यावरचं जेवण पुसलंस."

त्या दुपारी लॅपटॉप आईच्या जेवणाच्या टेबलावर उघडला. गंधकाची ती ओळ मला शब्दशः आठवेना, जी आठवली ती ऐकून आई पेढा चघळत म्हणाली, "हे कोणाच्या शर्टाबद्दल आहे?"

"मग काय लिहू?"

"ते घरी आले, की मी शर्ट दाराबाहेरच उतरवायला लावायची. मग ते बनियनवर उभे राहून, शेजारी कोणी बघत नाही ना, ते बघायचे. एवढंच लिही."

एवढंच लिहिलं. त्यात अलंकार घालायला माझी बोटं दोनदा वळवळली. आईने दोन्ही वेळा चष्म्यावरून पाहिलं. फाइल चौकटीच्या बाहेर, लिनक्समध्येही जपून ठेवली. आतल्या खिडक्या तशाच पसरलेल्या होत्या, सूचना लुकलुकत होत्या. मी हात मांडीवर ठेवले.

आईने पडद्यावरची ओळ एकदा वाचली, मग पुन्हा मनातल्या मनात वाचली.

"आता आला वास," ती म्हणाली, आणि तिने पदर नाकाला लावला.