बोटं दाबून दिलेला शब्द

माझ्या भागीदाराने मला फसवले. पैशात नाही. पैशात फसवले असते तर मी केव्हाच वसूल केले असते आणि विसरलोही असतो.

देवपुरात एका खोलीत आम्ही दोघे सॉफ्टवेअर बनवायचो. मुक्ताईनगरकडच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी काम चालू होते: बागेत घड काट्यावर चढला की वजन तिथेच मुनिमाच्या मोबाइलवर नोंदवायचे. प्रोग्राम चालताना काय केले, कुठे अडले, हे तो स्वतःच लिहीत जातो. त्याला लॉग म्हणतात. ते लिहिण्यासाठी तयार चौकटी, म्हणजे फ्रेमवर्क, मिळतात. कोणते घ्यायचे, यावर आमची जुंपली. मला छोटे, हलके हवे होते. त्याला मोठे, नावाजलेले.

"दारात हत्ती बांधशील, पण चारा कोण घालेल?" मी ओरडलो.

"तू जन्मभर शेळ्याच राख, भाऊ."

माझे वडील बैलबाजारात दलाल. तिथे सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबतात, आणि एकदा दाबली की बाप मेला तरी फिरत नाहीत. मी टेबलावर रुमाल टाकला. हसत हसत त्याने हात घातला. बरीच ओढाताण झाली. शेवटी छोटे ठरले, त्याच्या एका अटीवर: लॉगमधली वाक्ये तो अहिराणीत लिहिणार. साक्रीकडचा गडी. "नेटवर्क नही शे." "बठ्ठं वजन चढी गयं," म्हणजे सगळे वजन चढले. वाचताना आम्ही पोट धरून हसायचो.

पहिल्याच कटाईला मुनिमाचा मोबाइल गच्च भरून बंद पडला. ट्रक उभा, घड उन्हात, व्यापारी फोनवर माझी आई-बहीण काढत होता. मी कोड उघडला. आत ते मोठे फ्रेमवर्क बसवलेले, बारीकसारीक सगळे लिहीत सुटलेले. मला न विचारता.

"तू बोटं दाबली होतीस!"

"अरे, तो काय बैल होता का?" तो म्हणाला. मग खाली बघत, हळूच, "पुण्याला नोकरीच्या मुलाखतीत हेच फ्रेमवर्क विचारतात, भाऊ. त्यात केलेलं काम दाखवायला पाहिजे होतं."

कोणत्या पुण्याला? कसली मुलाखत? मी तोंडाला येईल ते बोललो. महिना संपायच्या आत तो पुण्याला गेला.

मी छोटे फ्रेमवर्क बसवले, काम उभे राहिले, धंदा वाढला. आता काहीही निवडायचे असले की मीच ठरवतो आणि मीच मान डोलावतो. त्याची वाक्ये मी बदलली नाहीत. बागेत गेलेली रेंज परत आली की माझ्या पडद्यावर लॉगमधले "नेटवर्क नही शे" उमटते आणि मी नकळत शेजारच्या खुर्चीकडे बघतो. तो तिकडे आता कोणाशी भांडत असेल? त्याच्या फ्रेमवर्कला तिथे कोणी 'हत्ती' म्हणत असेल का?

फ्रेमवर्कचे जाऊ दे, गड्या. ट्रक उभा राहिला तेही मी सोडले. पण माझा हात धरून हसत होतास तेव्हा तुझे जायचे ठरलेले होते की नव्हते? फोनवर नको. इथे ये, समोर बस आणि जबाब दे.