भागी मावशीची शेळी आणि गावाचा अबोला

आमच्या पेठ तालुक्यातल्या पाड्यावर भागीबाईइतकं बोलणारं माणूस दुसरं नव्हतं. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, बायका चिखलात वाकल्या की हिची टकळी सुरू व्हायची, आणि बांध येईस्तोवर कुणाला कंबरेची आठवण व्हायची नाही. नवरा वारल्यावर ती रविवारी पेठला प्रार्थनेला जाऊ लागली, ख्रिस्ती झाली. गावाने तेही चालवून घेतलं. बिनसलं ते सत्त्याण्णवच्या वाघबारशीला. वाघदेवाला घरटी एक कोंबडा द्यायची आमच्यात रीत. मावशी म्हणाली, "पोरांना खायाला न्या, देवापुढं नाय देणार."

झालं! पाड्याचा कारभारी गोटीराम गरजला, "भागीशी जो बोलंल, तिच्या शेतात जो जाईल, तो बी वाळीत!"

कुणीतरी तिचं बायबल ओढ्यात भिरकावलं. तिने ते चुलीपाशी वाळवलं. पानं फुगली तर म्हणाली, "बघा, बाळसं धरलं." हसता हसता डोळे पुसत होती, ते मी पाहिलं.

पण गोटीरामची अक्कल ती केवढी! शेळीचं नाव घ्यायला तो विसरला. माझी आई सरुबाई ही मावशीची लहानपणापासूनची मैत्रीण, घराला घर लागून. ती कुंपणावरून मावशीच्या शेळीला सांगायची, "चांदे, तुझ्या मालकिणीला सांग, नागलीची भाकर ठेवलीय."

मावशी चांदीच्याच कानात ओरडायची, "तिला सांग, कालच्या भाजीत मीठ नव्हतं!"

हळूहळू अर्ध्या पाड्याला शेळीचा लळा लागला. गोटीरामची बायको अंबूबाईसुद्धा गुडघ्याला कुठला पाला बांधायचा ते चांदीला विचारून गेली.

ज्येष्ठात बिबट्याने चांदीला नेलं. गोटीरामला उकळ्या फुटल्या. "वाघदेवानं आपला वाटा घेतला!"

मावशीने रिकाम्या खुंट्याला विचारलं, "गेल्या साली याचं वासरू नेलं, तवा यानं कोंबडा नव्हता का दिला?"

पण पुढे हसण्यासारखं काही उरलं नाही. आवणी आली. आमच्याकडे सगळे सगळ्यांच्या शेतात जातात, तेव्हाच ती उरकते. मावशीचं रोप पिवळं पडू लागलं. आणखी दोन दिवस गेले असते तर वर्षभराचा भात गेला असता. ती एकटी तीन दिवस खपली आणि एकच खाचर लावून झालं.

चौथ्या दिवशी आम्ही मावशीच्या शेताला लागून गोटीरामच्याच शेतात लावत होतो. एकाएकी आई उठली आणि मावशीच्या बांधावर जाऊन उभी राहिली. सवयीने तिने बाजूला पाहिलं. शेळी नव्हती. मला आईचा भयंकर राग आला. आम्हाला वाळीत टाकलं तर आमचा भात कोण लावणार? त्या रागाची आज लाज वाटते.

"भागे," आई म्हणाली, "रोपाच्या मुठी कुठं ठेवल्यास?"

गोटीराम ओरडला, "सरू! कोणाशी बोलतेस?"

"भागीशी."

 मावशीने नुसता हात करून मुठी दाखवल्या. आईने लुगडं खोचलं आणि ती चिखलात उतरली. मागून अंबूबाईही नवऱ्याकडे न बघता बांध ओलांडून आली.

तिघी ओळीने वाकल्या. एक ओळ लावून झाली, दुसरी धरली. मग आईच मावशीला म्हणाली, "बोल की गं कायतरी. कंबर दुखाया लागली माझी."