कानामागचं हाड

विनोदिनीला चक्कर यायची ती उभ्याउभ्या. तवा चुलीवर, हातात लाटलेली पोळी, आणि सगळं स्वयंपाकघर गरगर फिरायला लागायचं. धरायला भिंत सापडली तर ठीक, नाहीतर जमीन होतीच. शुद्ध मात्र कधी हरपली नाही. पडल्यापडल्या सासूबाई काय बोलतात ते तिला अक्षर न् अक्षर ऐकू यायचं. अर्थात डाव्या कानाने. उजवा लहानपणापासून वाहायचा.

"मिरगी आहे मिरगी! माहेरच्यांनी लपवून आमच्या गळ्यात मारली."

छप्पन साल. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होत होता, आणि नवरा यज्ञेश्वर ज्या खात्यात कारकून होता ते उज्जैनहून भोपाळला चाललं होतं. नवं राज्य जोडायला निघालेल्या या माणसाने घरात ठरवून टाकलं की बायको बरोबर न्यायची नाही. खंडव्याला माहेरी सोडायची, कायमची.

"सोडा," विनोदिनी म्हणाली. "पण आधी डोक्याचा फोटो काढा. काही निघालं नाही तर माझी मी जाते."

माधव नगरात डॉक्टर नागरांनी नुकतंच एक्स-रेचं यंत्र बसवलं होतं. यज्ञेश्वर कबूल झाला तो एवढ्याचसाठी, की डॉक्टरने सांगितलं म्हणजे नातेवाइकांची तोंडं बंद.

टेबलावर निजवताना डॉक्टर म्हणाले, "माँजी, इनके कान के गहने उतरवा दीजिए."

सासूबाई उसळल्या. "उतरवा दीजिए म्हणे! अहेव बाईचे कान उघडे? मेरा लड़का जिंदा है, डॉक्टर!"

डॉक्टर चांगले शिकलेले, भिंतीवर विलायतेचं सर्टिफिकेट टांगलेलं. अडून बसायला नको? पण बाहेर रोग्यांची रांग होती. "चलो, रहने दो," म्हणाले, आणि कुड्याबुगड्यांसकट फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून त्यांनी निकालही दिला. "हड्डी साफ है. सिर में कुछ नहीं. औरतों को हो जाता है ऐसा वहम."

"म्हणजे नाटकं!" सासूबाई म्हणाल्या. "चल, ट्रंक भरायला घे."

यज्ञेश्वरने तर टोपी घातलीसुद्धा.

विनोदिनी उठली तशी भिंती फिरल्या. टेबल घट्ट धरून तिने डॉक्टरच्या हातातली फिल्म ओढली. कवटी करडी दिसत होती, आणि कानामागे जिथे हाड दिसायला हवं तिथे सोन्यामोत्याच्या फुलाचा पांढराफेक ठसा.

"ये तो मेरी कुडी है, डॉक्टरसाहब. हड्डी कहाँ दिखी आपको?"

"तुम डॉक्टर हो?"

"नहीं. जिसका सिर घूमता है, वो हूँ."

तिने तिथेच कुड्या काढल्या. बुगडी निघेना, तर अशी ओढली की कान रक्ताळला.

"अगं अवदसे, नवऱ्याला खातेस का?" सासूबाई किंचाळल्या.

विनोदिनीने दागिने त्यांच्या ओटीत टाकले. "बघा, उभाय तुमचा मुलगा, धडधाकट. आता मला काय झालंय ते बघू दे." आणि स्वतःच जाऊन टेबलावर आडवी झाली. रोगी दारात गोळा झाले होते. त्यांच्यादेखत नाही म्हणायची डॉक्टरची टाप नव्हती.

दुसऱ्या फिल्ममध्ये कानामागच्या हाडात काळी पोकळी होती. वाहत्या कानाने हाड पोखरलं होतं आणि कीड तोल सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचली होती. मेंदू तिथून फार लांब नाही. डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं, "इंदौर ले जाइए. ऑपरेशन होगा. देर मत करना."

बाहेर येताच यज्ञेश्वरच्या आवाजात एकदम साखर आली. "मिरगी नाही ना, मग झालं तर! भोपाळला बस्तान बसू दे. तुला नेतो, मग ऑपरेशनचं बघू."

"बघा की! मेंदू सडेपर्यंत बघा," विनोदिनी म्हणाली. "तुम्ही जा भोपाळला. राज्य अडलंय तुमच्यावाचून. मी कुसुममावशीकडे इंदूरला चालले."

फिल्म काखेत मारून ती भिंतीच्या आधाराने देवास गेटच्या बसअड्ड्याकडे निघाली. यज्ञेश्वर "अगं, थांब तरी" करत मागे येत होता. तिने वळून पाहिलं नाही. वळलं की चक्कर यायची, आणि मागे पाहण्यासारखंही काही नव्हतं.