देवीने न दिलेला कौल

डावा स्तन काढावा लागणार हे ऐकून मी रडले नाही. रडू आलं ते डॉक्टरीणबाईंच्या पुढच्या प्रश्नाने. "नवीन करून घ्यायचाय का?" त्याच ऑपरेशनमध्ये स्नायूखाली एक रिकामी पिशवी बसवायची, पुढे दर खेपेला सुईने तिच्यात थोडं थोडं सलाईन भरून त्वचा ताणायची आणि जागा झाली की ती काढून सिलिकॉनचा इम्प्लांट ठेवायचा. पण जीव वाचतोय त्यात समाधान मानायचं सोडून पन्नाशीत हे चोचले? "तुला हवं ते कर," म्हणून यजमान मोकळे झाले. मी तर कुकरसुद्धा कधी एकटीने निवडला नव्हता! मग आमच्याकडे अडलं की करतात तेच केलं. रत्नागिरीकडे गावी असणाऱ्या जाऊबाईंना ग्रामदेवीला कौल लावायला सांगितलं. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

जाऊबाईंनी हौसेने व्हिडिओ कॉल लावला. इकडे शहरात, सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या हॉलमध्ये मी डोक्यावर पदर घेऊन, फोनसमोर हात जोडून बसले. गाऱ्हाणं रंगात आलं आणि रेंज गेली. परत फोन लागेचना. देवीसुद्धा मला टाळतेय असं वाटून मी तिच्यावर चांगलीच चिडले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले ती उत्तराशिवायच. बाकावर डोळे पुसत होते, तर शेजारची गुजराती बाई म्हणाली, "क्या हुआ, बेन?" त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. तिने मला हाताला धरून कपडे बदलायच्या खोलीत नेलं, पडदा ओढला, आपल्या ब्लाऊजची बटणं काढली आणि माझा हात स्वतःच्या, तसाच नवीन करून घेतलेल्या स्तनावर ठेवला. "शरमाओ मत. छूने का पता नहीं चलता, ये सच है. दर्द भी हुआ. मगर अब आईने से मुँह नहीं फेरती. भगवान ने जीने का बोला है ना, तो खुशी से जियो." बाहेर आलो तोच तिचा नंबर लागला. ती पुन्हा दिसली नाही. मी आत जाऊन हो म्हणाले. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला, तेव्हा "कौल आता सांगू नका" एवढंच बोलले. नकार ऐकायचा धीर नव्हता.

सगळं पार पडल्यावर ओटी भरायला गावी गेलो, तेव्हा मीच विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "कसला कौल गं! उजवी पडली नाही नि डावीपण नाही. गुरवाने किती विनवलं. आम्हाला वाटलं, आई रागावली."

मला तिथेच हुंदका फुटला. मी माझं ओझं देवीच्या अंगावर टाकत होते. तिने ते माझ्याच पदरात ठेवलं आणि उचलायला सोबत पाठवली. उत्तर मिळो न मिळो, आपण हात जोडलेले ठेवावेत, एवढं मला आता कळतं. देवीपुढे मी दुसरा खण-नारळ ठेवला. "हा कुणाच्या नावाने?" गुरवाने विचारलं. हॉस्पिटलातल्या त्या बाईचं नाव कुठे ठाऊक होतं मला?

"बेनच्या," मी म्हणाले. "देवी ओळखते तिला."