सर्वानुमते

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात विजेच्या स्विचांचे पत्र्याचे भाग बनत. मोठा संप मिटल्यावर कंपनीने एक संयुक्त समिती नेमली: तीन साहेब, तीन कामगार, आणि एकाचाही विरोध असेल तर ठराव नाही. कामगारांतली एक मी. पहिल्या बैठकीत मॅनेजरसाहेबांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि मी विरघळले. तोवर साहेबांच्या केबिनमध्ये मी फक्त उभं राहून बोलणी खाल्ली होती.

सुरुवातीला चांगलंही झालं. पंखे आले, बायकांच्या संडासाला कडी लागली. मग साहेबांनी प्रेसवरचा रोजच्या नगांचा आकडा वाढवायचं काढलं. "तुम्ही म्हणाल तरच हं," ते मला म्हणाले. इतकी वर्षं मला असं कुणी विचारलं नव्हतं, घरीसुद्धा. मी हो म्हणून टाकलं.

आमच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे साचा खाली येताना हात आत राहत नाही. पण तसं करून नवा आकडा गाठणं शक्य नव्हतं. मी स्वतः प्रेसवर बसणारी, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यावर आम्हा बायकांचा एक उपाय होता: एक बटण सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने कायमचं दाबून बांधायचं, की एक हात मोकळा. सुपरवायझरही बघून न बघितल्यासारखं करायचा. शेजारच्या प्रेसवर माझी मैत्रीण बसायची, मालवणकडची, तोंडाने फटकळ आणि मनाने साफ. तिला हे बांधायला मीच शिकवलं होतं.

एका दुपारी तिची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी समितीकडेच आली. ठराव आधीच टाइप झालेला: बटण स्वतः बांधलं, निष्काळजीपणा, सबब कामावरून कमी. मी म्हटलं, "साहेब, सगळ्याच बांधतात."

"मग सगळ्यांवरच कारवाई करावी लागेल," साहेब शांतपणे म्हणाले. "तुमच्यापासून सुरुवात. आणि आकडा आपण मिळूनच वाढवला होता ना?"

बाकीचे दोघे कामगार सह्या करून मोकळे झाले होते. मी एकटीने नाही म्हटलं असतं तरी तिची नोकरी वाचली असती. मी सही केली. घरच्या अडचणी वगैरे सांगण्यात अर्थ नाही. मी घाबरले, एवढंच.

हिशेब नेण्यासाठी ती आली तेव्हा हाताला जाड बँडेज होतं. जेवणाच्या सुट्टीत गेटपाशी मला गाठून तिने विचारलं, "सगळ्यांनी मिळून काढलं म्हणतात. तू तरी नाही म्हणालीस ना गो?"

"म्हणाले," मी म्हटलं. "पण ऐकतंय कोण."

"माहीत होतं मला." माझे डोळे भरलेले बघून तिने बँडेजचा हात माझ्या पाठीवर ठेवला. "रडू नको. त्या साहेबांपुढे तू एकटी काय करणार होतीस?"

सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत ती माझी समजूत घालत राहिली, आणि मी तिला घालू दिली.